भूखंडाचा दुसरा उकार

परभणी,
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय सविताताई,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा पावसाळ्यात दुखतो तेवढाच दुखतोय. फोन केला असता, पण फोनवर मला जमत नाही हे तुला माहीत आहे. तू 'बोल रे' म्हणतेस, मागे मुलांचा गलका असतो, दाजी कुणाला तरी गाडीची किल्ली कुठे ठेवली ते विचारत असतात, आणि मी 'काही नाही, सहज केला' म्हणून ठेवून देतो. कागद घाई करत नाही. हे पत्र परवा शुक्रवारी कच्चं लिहिलं आणि आज दुकान बंद आहे म्हणून पक्कं करतोय.

आपल्या घराला लागून असलेला तुमचा सतरा नंबरचा प्लॉट विकायचं तू ठरवलंस, हे मला पलीकडच्या बजरंगाकडून कळलं. पितृपक्ष संपला की घटस्थापनेला इसार, म्हणजे आजपासून आठ दिवस. जिंतूरचे एक गुरुजी या आठवड्यात दोनदा येऊन बघून गेले, दुसऱ्या वेळी बायकोला घेऊन. आईने त्यांना चहा दिला. त्यांनी आपल्या भिंतीपासून पावलं मोजली आणि म्हणाले, या बाजूला जरा हद्दीला धरूनच बांधावं लागेल, तुमच्या खिडकीचा उजेड थोडा जाईल, पण बघू. माणूस वाईट नाही. ते गेल्यावर आईने ते दोन कप तीनदा विसळले. ताईने तुला आधी सांगितलं होतं का, असं मला आईला विचारायचं होतं. विचारलं नाही. तिला माहीत असतं आणि मला नसतं, तर मला वाईट वाटलं असतं. तिलाही माहीत नसतं, तर त्याहून वाईट वाटलं असतं.

तुम्ही हा प्लॉट घेतलात त्याला सहा वर्षं झाली. त्या दिवशी तू पदर खोचून थेट गुडघाभर गवतात शिरलीस. दाजी रस्त्यावरून म्हणत होते, अगं बाहेर ये, आत एखादं जनावर असेल. तू म्हणालीस, जनावर तर बाहेर उभं आहे, भुजंग. सगळे हसले, मीही हसलो. गल्लीत अजून तो विनोद चालू आहे, कुठे गवत वाढलं की कोणीतरी म्हणतंच, साप शोधायला भुजंगालाच पाठवा. मग तू हाताने हवेत घर दाखवलंस. इथे दार, इथे तुळस, आणि बरोबर आपल्या खिडकीसमोर तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी. म्हणालीस, आई वाटी पुढे करील आणि मी साखर घालीन, चप्पल घालायचं काम नाही. मी त्याच संध्याकाळी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे तो नकाशा काढला, दोन खिडक्यांमध्ये वाटीसुद्धा काढली. तो आहे माझ्याकडे. कधी दाखवला नाही, कारण वाटी जरा मोठी झाली आहे.

मला जे येतं ते तू शिकवलेलंच येतं. अण्णा गेले तेव्हा मी तिसरीत होतो. तू शाळेतून आलीस की मला ओट्यावर बसवून रोज दहा ओळी शुद्धलेखन घालायचीस. दहावीला गणितात दोनदा गेलो आणि शाळा सुटली, पण पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पहिला उकार, दुसरा उकार हे हाडात राहिलं. आज आमचे नागेशशेठ माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही पत्रिका छापत नाहीत. परभणीत 'आशीर्वाद'ची दुसरी वेलांटी आमच्या दुकानामुळे टिकून आहे, असं गिऱ्हाइकांना सांगतात. आणि तुझी एक शिस्त मी अजून मोडलेली नाही. शब्द चुकला तर त्यावर गिचमीड करायची नाही. एक आडवी रेघ, पट्टीने ओढल्यासारखी, आणि डोक्यावर बरोबर शब्द. खालची चूक वाचता आली पाहिजे, असं तू म्हणायचीस. ती दिसली नाही तर पुन्हा होणार.

आता दगडांचं. तीन वर्षांत मी हा विषय काढला नाही आणि तूही काढला नाहीस, निदान माझ्यासमोर. त्या वर्षी दाजी मिस्त्रीला घेऊन कंपाउंडची आखणी करायला येणार होते आणि तू मला गवत काढून ठेवायला सांगितलं होतंस. मी नऊ दिवस रोज सकाळी सहा ते नऊ खुरपं घेऊन बसलो. कापलं नाही, मुळासकट उपटलं. गाजरगवताने अंगाला खाज सुटते म्हणून हातांत पिशव्या बांधून उपटलं. हराळीच्या काश्या वीतभर खणून काढल्या. आघाड्याची दोन झाडं तेवढी ठेवली, आईला महालक्ष्म्यांना लागतात म्हणून. प्लॉट सारवलेल्या अंगणासारखा झाला होता. फक्त चार कोपऱ्यांत चार दगड अर्धे रुतलेले राहिले. त्यांच्या कडेने गवत नीट निघेना. म्हणून मी तेही खणून काढले, हापशावर धुतले आणि आपल्या भिंतीला लागून मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने रचून ठेवले. मिस्त्रीने विचारलं, हद्दीचे दगड कुठायत? मी कौतुकाने त्या रांगेकडे बोट दाखवलं. दाजी म्हणाले, 'गवत काढ म्हटलं होतं गड्या, प्लॉट काढ नव्हतं म्हटलं.'

मिस्त्री हसला, शेजारचे हसले. तूही हसलीस, पदर तोंडाला लावून. संध्याकाळी फोनवर तू कुणाला तरी तो किस्सा सांगत होतीस आणि मी आत अंथरुणं घालत होतो. मला दाजींचं काही वाटलं नाही. पुन्हा मोजणी होऊन दगड जागेवर बसायला दहा महिने गेले, तोवर दाजींची नाशिकला बदली झाली आणि मुलांची शाळा बदलली. कंपाउंड राहिलं. घर राहिलं. कोणी मला असं बोललं नाही, पण मी दगड काढले नसते तर आज त्या खिडकीत तू असतीस, हा हिशोब मी एकट्याने किती वेळा केला असेल याची मोजदाद नाही. पुढच्या वर्षी तुम्ही काटेरी तारेचं कुंपण केलंत, त्याला फाटक लावलंत आणि फाटकाची किल्ली पलीकडच्या अठरा नंबरमध्ये बजरंगाकडे दिलीत.

बजरंगाबद्दल वाईट लिहायचं ठरवलं तरी लिहिता येत नाही, हेच मला जास्त लागतं. झरी गावच्या शेतासाठी घेतलेली, खांद्याला अडकवायची गवत कापायची मशीन तो घेऊन येतो आणि सव्वा तासात अख्खा प्लॉट भुईसपाट करतो. मुळं तशीच राहतात. तीन आठवड्यांत सगळं परत उगवतं. हे मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, उगवलं की परत कापतो की तो. कापून झालं की तो तुला व्हिडिओ कॉल लावतो आणि कुंपणाच्या कडेकडेने फिरतो. मी खिडकीतून बघतो. त्याचा हात दिसतो, हातातला फोन दिसतो, आणि फोनमध्ये नखाएवढी तू दिसतेस. तू त्याला आईच्या गुडघ्याबद्दल विचारतेस. तो सांगतो. आईचा गुडघा माझ्या घरात आहे, ताई.

आमच्याकडे सप्ताहाची पत्रकं येतात. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. लोक 'मस्तर' लिहून आणतात, मी 'मत्सर' करून देतो. शब्द शेकडो वेळा दुरुस्त केला, पण तो आपल्याला झाल्यावर कसा असतो ते मला या राखीला कळलं. दर वर्षी तुझं पाकीट माझ्या नावाने येतं. या वर्षी आलं नाही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बजरंग मातीच्या हातांनी तुझं पाकीट फोडत ओट्यावर आला. पाकिटावर त्याचं नाव होतं. आत दोन राख्या होत्या आणि चिठ्ठी होती, एक भुजंगला दे. त्यात त्याचा काही दोष नाही. कुरिअरवाल्याला त्याचा नंबर माहीत आहे, तो घरी असतो, मी दुकानात असतो, सगळं बरोबर. त्याने एक राखी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, आपल्या दोघांची सारखीच हाय बघ. मी नंतर मोजलं. त्याच्या राखीला सात मणी होते, माझ्याही राखीला सातच. त्याच्या राखीला आठ असते तरी चाललं असतं, निदान रागाला काही कारण मिळालं असतं. माझी राखी आईने बांधली. बांधताना म्हणाली, 'तुजं नेमकं दुखायलंय काय रं?'

त्यानंतर पाऊस लागून राहिला आणि बजरंग सोयाबीनच्या फवारणीसाठी झरीला जाऊन बसला. मशीनही तिकडेच. सतरा नंबरवर गवत माजलं. गाजरगवत फुलून पांढरं झालं, तरोटा कमरेला लागला, नालीकडून बेशरमाची झुडपं आत घुसली. समोरचे आश्रुबा काका रोज ओट्यावर डास मारत बसायचे आणि मला म्हणायचे, तुझ्या बहिणीचा प्लॉट हाय, तूच का काढत न्हाईस? मी म्हणायचो, किल्ली माझ्याकडे नाही. कुंपणाची तार कमरेएवढी आहे, ताई. लहान पोरं उडी मारून जातात. खुरपं दारामागे खुंटीला होतं. मी ते घेतलं नाही, टेप घेतला. आपल्या भिंतीला लावून गवताची उंची मोजली. एकवीस इंच, मग सत्तावीस, मग चौतीस. दुकानात जाण्याआधी मोजायचो आणि बरं वाटायचं. सगळ्या गल्लीत गवत अजून वाढावं असं वाटणारा मी एकटाच होतो.

पुढचं तुला माहीत आहे. गणपतीच्या आधी कोणीतरी महानगरपालिकेत अर्ज टाकला. डासांची मोहीम चालूच होती, चौथ्या दिवशी माणूस येऊन फोटो काढून गेला आणि तुला नाशिकला नोटीस आली. सोबत अर्जाची झेरॉक्स. तू ती बजरंगाला पाठवलीस. तो तसाच दुकानात आला, माझ्यासमोर फोन धरला आणि म्हणाला, 'भुजंगभाऊ, समद्या गल्लीचं अक्षर तुला वळखू येतं. हे कुणाचं हाय, बघ बरं.' मी प्रूफ बघतो तसं दोन बोटांनी मोठं करून बघितलं. वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणालो, आपल्या गल्लीतलं वाटत नाही. त्याने लगेच मान्य केलं. अक्षराच्या बाबतीत माझा शब्द गल्लीत शेवटचा असतो. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, ताई लय नाराज झाली, म्हणली, बजरंग, तुझ्यावर सोडलं होतं मी. हे ऐकून मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? लहानपणी डब्यातला गूळ चोरून खाताना व्हायचा तसा, गोड आणि घशात अडकणारा.

ताई, तो अर्ज मी लिहिला. पंचवीस ऑगस्टला, जेवणाच्या सुट्टीत, दुकानात बसून. खाली सही म्हणून 'एक त्रस्त रहिवासी' लिहिलं. ओळखू येऊ नये म्हणून अक्षर डावीकडे झुकवलं आणि मुद्दाम चुका करायच्या असं ठरवलं होतं. पहिल्याच ओळीत 'भुखंड' लिहिलं, पहिला उकार. चार ओळी पुढे गेलो, पण चपलेत खडा गेल्यासारखा तो उकार टोचत राहिला. बाकी चुका करायच्या राहूनच गेल्या. शेवटी मागे गेलो, 'भुखंड'वर एक आडवी रेघ मारली आणि डोक्यावर 'भूखंड' लिहिलं. तेव्हा जेवण गेलं. आता तू ती झेरॉक्स काढून बघशील. कदाचित बघितलीही असशील. अशी रेघ अख्ख्या राज्यात दोनच माणसं मारतात. तू ती ओळखली नाहीस म्हणून बजरंगाला पाठवलीस, की ओळखलीस आणि म्हणूनच मला पाठवली नाहीस, यावर मी नऊ दिवस विचार करतोय.

मला काय हवं होतं तेही लिहितो. प्लॉट विकला जावा हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तू बजरंगाला म्हणावंस, तुला जमत नाही, किल्ली भुजंगकडे दे, एवढंच. किल्लीसाठी मी दारामागे खुरप्याच्या शेजारी एक खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. झालं भलतंच. दाजी म्हणाले म्हणे, लांबचं दुखणं नको, विकून मोकळं होऊ. आणि बजरंगाला वाटलं, अर्ज आश्रुबा काकांनी दिला, कारण डासांची ओरड त्यांचीच. त्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं. काकांनी आमच्या ओट्यावर पेपर वाचायला येणं बंद केलं. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, 'डास' लिहितानाही दोनदा थांबतो. त्यांचं ते अक्षर नाही हे सांगू शकणारा गल्लीत मी एकटाच, आणि मीच गप्प.

परवा शुक्रवारी सकाळी गुरुजी येणार म्हणून बजरंग मशीन घेऊन प्लॉट साफ करायला उतरला. मी खुरपं घेऊन तारेवरून आत गेलो. ईशान्येच्या दगडापाशी उभा राहिलो आणि त्याने मशीन बंद केल्यावर सांगून टाकलं, राखीपासून सगळं, मणी मोजलेले सुद्धा. तो मशीनच्या दांड्यावर हात ठेवून ऐकत राहिला. मला वाटलं, आता शिवी देईल. तो म्हणाला, चल, आधी काकाकडं. आम्ही दोघं गेलो. काकांनी ऐकून घेतलं आणि बजरंगाला म्हणाले, 'मला त्रस्त लिव्हता आलं असतं तर म्या तिकिटं फाडीत फिरलो असतो का?' मग मला पेपर आणायला पाठवलं. परत येऊन बजरंग मशीन सुरू करायला वाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, 'लिव्हायचंच व्हतं तर ताईला लिव्हायचं व्हतंस की. नगरपालिकेला कशाला लिव्हलंस?' ताई, मी इतके अर्ज लिहितो, लोकांच्या आजोबांच्या दहाव्याचे मजकूर लिहितो, आणि हे मला सुचलं नव्हतं. म्हणून हे पत्र. पंचवीस ऑगस्टला ते महानगरपालिकेऐवजी तुझ्याकडे यायला हवं होतं, आणि त्यात गवत, डास, साप असं काहीच नको होतं. एवढंच हवं होतं, की मला बजरंगाचा हेवा वाटतो आणि तू माझ्या शेजारी राहायला यावीस. प्लॉटचं काय करायचं ते तू आणि दाजी ठरवा, मी आता कुठेही अर्ज करणार नाही. बजरंगाने कापलेल्या गवताची मुळं मी कालपासून काढतोय, तारेकडच्या दोन ओळी झाल्या. चारही दगड जागेवर आहेत, हात लावलेला नाही, फक्त दिसावेत म्हणून चुना लावलाय. गुरुजींना विकलास तरी त्यांना ते सापडतील. पण विकलास किंवा नाही, पुढच्या वर्षी राख्या दोन पाकिटांत पाठव. बजरंगाची त्याला, माझी मला. माझा पत्ता बदललेला नाही.

तुझाच, आणि घटस्थापनेपर्यंत तरी तुझ्याच शेजारचा,
भुजंग
प्लॉट नं. १६